काचेच्या पेटीतलं जनावर

केरबाचा हात आधी उठायचा आणि तोंड मागाहून उघडायचं. बैल अडला, भाकरी करपली, पोरगं शाळेतून उशिरा आलं, कशावरही त्याच्याकडं हे एकच औषध. कोरेगावच्या खालच्या अंगाला, वसना नदीच्या काठावर त्याचा ऊस उभा असायचा. बांधावरून भांडायला आलेला माणूस गुडघा धरून परत जायचा. गावात त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं, कारण ठेवायची सोय नव्हती.

तरी गावाला केरबा लागायचाच, तो जनावरासाठी. आमच्याकडं सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. कुणाच्या गोठ्यात निघालं की आधी केरबाला हाक जायची. तो कोयता घेऊन यायचा, तुकडे करायचा आणि मग ते कुठलं होतं यावर चार जण बोलत बसायचे. केरबा त्या बोलण्यात कधी बसला नाही. त्याच्या लेखी सरपटणारं सगळं सारखंच होतं.

याला कारण होतं. त्याच्या धाकट्या भावाला, अर्जुनाला, उसाला पाणी पाजताना पान लागलं, म्हणजे जनावर डसलं. वडीलधाऱ्यांनी दोऱ्या बांधल्या, कडुनिंबाचा पाला चावायला दिला, उचलून देवळात नेला. अर्जुना देवळाच्या पायरीवर तोंडाला फेस येऊन गेला. तेव्हा केरबाची मिसरूड फुटत होती. चावलं तिथंच तोडलं असतं तर भाऊ वाचला असता, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं. पुढं कधीतरी त्याच्याच पायाच्या करंगळीला काहीतरी डसलं. त्यानं बांधावरच्या दगडावर पाय ठेवला, कोयत्यानं करंगळी उडवली आणि लंगडत घरी येऊन जेवला. ती धामण होती, धामणीला विष नसतं, असं एक शहाणा बोलून गेला. त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही.

या माणसाचा मुलगा ज्ञानू फौजेत गेला. पोरगा अंगानं दणकट आणि स्वभावानं आईवर, मनुबाईवर गेलेला. नेमबाजीत त्यानं पलटणीत बक्षीस मारलं तेव्हा केरबानं बाजारात उभं राहून दिसेल त्याला पेढा भरवला. पोरासमोर मात्र एक शब्द काढला नाही.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली होती. ज्ञानू सुट्टीवर आलेला, आणि रेडिओवर सुट्ट्या रद्द झाल्याचं सांगितलं. पूर्वेकडं लढाई होणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. जाताना मामाला भेटून जावं म्हणून ज्ञानू सांगलीला निघाला आणि केरबाही त्याच्याबरोबर गेला.

मामा म्हणजे मनुबाईचा भाऊ लालासाहेब. नेव्हीत आचारी होता. सुटून आला आणि सांगलीत खानावळ घातली, पण समुद्र काही डोक्यातून जाईना. त्यानं माजघरात काचेची भली मोठी पेटी बसवली. गूळ घेऊन रत्नागिरीला उतरणारे ट्रक परत येताना त्याला समुद्राचं पाणी डब्यांतून आणून द्यायचे. त्यात तो रंगीत मासे पाळायचा. लोक खानावळीत आमटी-भात खायला यायचे आणि पेटी बघून जायचे.

नुकतंच त्यानं रत्नागिरीच्या धक्क्यावरून एक नवंच काहीतरी विकत आणलं होतं. हातभर लांब, मनगटाएवढं जाड, तपकिरी अंगावर पिवळे ठिपके. पेटीतल्या दगडांच्या कपारीतून तोंड बाहेर काढून बसायचं आणि ते तोंड सारखं उघडायचं, मिटायचं. आत सुईसारखे दात.

"काय हाय ह्ये?" केरबानं विचारलं.

"वाम मासाच हाय, दाजी. पर कुठल्या जातीची, कुणाला सांगता येईना," लालासाहेब म्हणाला. "धक्क्यावरच्या बायका नुसत्याच वाम म्हनल्या. कालिजातलं शांतिनाथ मास्तर येणार हायती बघायला. तवर हात घालू नगा म्हनलंय त्यांनी."

"जनावर हाय त्ये. तोंड बघ की कसं डसाया करतंय."

लालासाहेब हसला. मेव्हणा हसला हे केरबाला झोंबलं, पण पाहुणा म्हणून आलेला, गप्प बसला.

दुपारी लालासाहेब बाजारात गेला. ज्ञानू पेटीपाशी उभा राहून मटणाचे बारीक तुकडे चिमटीनं पाण्यात सोडत होता. मामानं बजावलेलं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्या प्राण्याला तुकडा आणि बोट यातला फरक कळला नाही, आणि त्यानं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळाशी धरलं.

ज्ञानू ओरडला आणि हात वर ओढला. त्याबरोबर तेही बाहेर आलं आणि मनगटाला वेटाळं घालून बसलं. दात आत वळलेले, ओढेल तसे रुतत होते. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. केरबा स्वयंपाकघरात धावला. आचाऱ्याचं घर, खुंटीला मटण तोडायचा सत्तूर होता. त्यानं आधी धड उडवलं. ते फरशीवर पडून तडफडायला लागलं. मुंडकं मात्र बोटाला तसंच लटकत राहिलं.

"आबा, मासा हाय ओ! मासा हाय!" ज्ञानू ओरडत होता.

केरबाला अर्जुना दिसत होता. त्यानं पोराच्या कानशिलावर मूठ मारली. ज्ञानू गुडघ्यावर आला. केरबानं त्याचं मनगट उंबऱ्यावर दाबलं, त्यावर गुडघा दिला आणि सत्तूर मारला. पहिला घाव आडवा गेला. दुसऱ्याला बोट तुटलं. मुंडकं त्या बोटासकट घरंगळत पेटीखाली गेलं. तरी सूड पुरा झाला नाही म्हणून की काय, केरबानं सत्तूर पेटीवर फेकला. काच फुटली. खारं पाणी, रक्त आणि तडफडणारे मासे माजघरभर पसरले.

लालासाहेब परत आला तो दारातच खिळला. "दाजी, आवं हे काय केलंसा!"

"जीव वाचिवला पोराचा," केरबा म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण मनात समाधान होतं. अर्जुनाच्या वेळी जमलं नव्हतं ते आज जमलं होतं.

दवाखान्यात टाके पडले. पलटणीत काय सांगायचं ते केरबानंच पढवलं, "जनावर डसलं म्हणून सांग. मासा म्हनशील तर हसतील." ज्ञानूनं मान हलवली. लहानपणापासून बापासमोर त्याला तेवढंच येत होतं.

ज्ञानू पलटणीत गेला, केरबा गावी परतला. एका बाजारच्या दिवशी फौजेतून पेन्शनीत आलेला हवालदार आप्पासो त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "केरबा, तुज्या पोराला कोठडीत घातलाय म्हणं. लढाईला भिऊन बोट तोडून घेतलं..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात राहिलं. केरबाच्या एका ठोशात आप्पासोचे पुढचे दात हलले. लोकांनी दोघांना धरलं. आप्पासो रक्त थुंकत म्हणाला, "मला मार. पर पलटणीत कुणाकुणाला मारशील? डाक्टर म्हंतोय, इखाची खूणच न्हाई अंगात. ठोकळ्यावर हात ठिऊन तोडल्यागत बोट तुटलंय. बंदुकीचा घोडा वढायचं नेमकं बोट, आन लढाई दारात. सांगलीतल्या फरशीवर जनावर निगालं, ह्ये कोण खरं मानंल रं? कोर्टमार्शल हुणार."

त्या दिवशी केरबा घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. मनुबाई लग्नापासून त्याला कधी उलट बोलली नव्हती. ती चुलीपासून उठून समोर आली. "तुमी तोडलं. तुमीच जाऊन सांगा. न्हाईतर ह्या घरात भाकरी मागू नगासा." केरबाचा हात उठला नाही.

तो सांगलीला शांतिनाथ मास्तरांकडं गेला. लालासाहेबानं धड आणि मुंडकं मिठात घालून त्यांच्याकडं पोचवलं होतं. मास्तरांनी ते बरणीतल्या औषधात ठेवलं होतं. त्यांनी चिमट्यानं उचलून दाखवलं. "हे बघा, अंगावर खवले नाहीत. सापाला असतात. पाठीवरून शेपटीपर्यंत ही पट्टी गेलीय ना, तो पर आहे, माशाचा. आणि मानेशी हे बारीक भोक म्हणजे कल्ला. खडकात राहणारी वाम आहे ही. नेमकी कुठली, ते मलाही सांगता येत नाही. पण मासा आहे, आणि याच्या चावण्यात विष नसतं."

"मग तोंड का वासायचं सारखं?" केरबानं मास्तरांची कॉलर धरली होती.

"श्वास घेत होती बिचारी. पाणी आत घ्यायचं, कल्ल्यातून सोडायचं."

"आन बोट?"

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. "मुंडकं कापल्यावर जबडा उचकटून जखम धुतली असती, तर बोट राहिलं असतं."

केरबानं कॉलर सोडली. इतकी वर्षं जपलेली त्याची सगळी अक्कल त्या बरणीपुढं मातीमोल झाली. त्याला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली.

बरणी पोत्यात गुंडाळून तो पलटणीत गेला. चौकशीचा साहेब मराठीच होता. ज्ञानूला आणलं. पोरगा वाळला होता, हाताला मळकी पट्टी. केरबानं बरणी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, ह्यो मासा हाय. मी जन्मभर जनावरं मारली, पर मला मासा वळखू आला न्हाई. पोरगं वरडून सांगत हुतं, मी ऐकलं न्हाई. जनावर म्हणून सांग, ह्येबी मीच पढिवलं. बोट मी तोडलं. त्यो भित्रा न्हाई, मी येडा हाय."

एवढी कबुली त्यानं आयुष्यात कुणाला दिली नव्हती. साहेबानं बरणीकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं. "मुलाला सोडवायला बाप काहीही बोलेल," तो म्हणाला. "तू तोडलंस म्हणतोस ना? मग कसं धरलं होतंस, दाखव."

केरबा पुढं झाला आणि टेबलावर टेकवायला म्हणून त्यानं ज्ञानूचं मनगट धरलं. जोरात नाही, हलकेच धरलं.

ज्ञानूच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला. तो दणकट जवान मागं कोसळला, खुर्ची पाडून भिंतीशी गेला आणि डाव्या हातानं डोकं झाकून अंग आकसून बसला. त्याची विजार ओली झाली. "आबा नगं, आबा नगं," एवढंच तो म्हणत होता.

"पुरे," साहेब म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "हे सोंग नाही. आरोप काढून टाका त्याच्यावरचा."

दोन शिपायांनी ज्ञानूला उठवलं, पाणी पाजलं. केरबा आपसूक एक पाऊल पुढं सरकला, तसा ज्ञानू शिपायाच्या मागं झाला. केरबा तिथंच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला धाडस होईना, कारण हात वर उचलावा लागला असता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि पोराला दिसणार नाहीत असे एकमेकांत घट्ट धरून ठेवले.