साडूंचा दुसरा डाव

म्हातारपण फक्त इतरांना येतं असं मानणारी माणसं पुष्कळ असतात. पण माझ्या थोरल्या साडूंनी, अरुणशेठनी, हे मत पन्नाशी उलटल्यावर फुटबॉलच्या मैदानात उतरून सिद्ध करायला घेतलं. नंदुरबारात त्यांचा मिरचीचा व्यापार आहे. शाळेत ते संघात होते, पण वडील अचानक गेले आणि बूट काढून हे दुकानाच्या गादीवर बसले, ते बसलेच. मग डॉक्टरांनी साखर कमी करायला चालायला सांगितलं. ते मैदानाला फेऱ्या मारत असताना खेळणाऱ्यांचा चेंडू त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो लाथाडला. चेंडूपेक्षा चप्पल लांब गेली, पण दुसऱ्याच दिवशी ते नवे बूट, पोपटी मोजे आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन हजर झाले.

संघ म्हणजे दोन-चार शिक्षक, एक औषधविक्रेता, बाकी दुकानदार, आणि कप्तान रिक्षावाला. मी चष्मेवाला, म्हणून पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे. साडू दुकानातून थेट मैदानात येत, त्यामुळे त्यांच्या अंगाला मिरचीची धूळ असायची. त्यांना अडवायला जवळ आलेला खेळाडू आधी शिंकायचा. याला ते स्वतःचं कौशल्य समजत. पळण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘ज्याला जागा कळत नाही त्यानं पळावं,’ असं म्हणून ते एका जागी उभे राहत, आणि ती जागा बहुतेक वेळा सावलीत असे. पंचांशी ते लिलावात बोलावं तसं बोलत. ‘साहेब, पुरा फाउल कसाले? अर्धा धरा ना,’ असं त्यांनी एकदा अगदी शांतपणे सुचवलं होतं. त्यांना पासही कोणी धड मागू शकत नसे. कप्तानाची रिक्षा वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानासमोर उभी राहते. तो म्हणायचा, ‘शेठ, जरा बॉल इकडे देतस का?’ एवढं अदबीचं वाक्य पुरं होईतो चेंडू समोरच्याच्या पायात गेलेला असायचा.

डोंगराकडच्या खापर गावाला सामना ठरला तेव्हा त्यांचा गुडघा टम्म सुजला होता. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला दारातच गाठलं. ‘डॉक्टर नही म्हनेल शे. आते पाय मुडपाना तं कायमना जाई. त्यास्ले उतरू देऊ नका.’ मी शब्द दिला. साडूंनीही दिला. ‘मी नुसता बठस,’ असं म्हणून ते पोपटी मोज्यांसकट जीपमध्ये बसले.

खापरची पोरं डोंगरात चढउतार करून वाढलेली. त्यांनी एक गोल केला आणि आमच्या लोकांना दम लागला म्हणून स्वतःच थोडी हळू खेळू लागली. साडू माझ्याशेजारी बसून प्रत्येकाची चूक सांगत होते. शेवटी औषधविक्रेत्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो लंगडत बाहेर पडला. बदली खेळाडू एकच उरला होता. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटल्यांची झाकणं घट्ट करत बसलो, आणि मान वर केली तेव्हा ते आत गेले होते.

बराच वेळ ते नेहमीप्रमाणे उभेच होते. मग चेंडू उडून नेमका त्यांच्यापुढे पडला. समोर गोल, मध्ये एकटा गोलरक्षक. इतक्या वर्षांनी आलेली अशी संधी कोणीही सोडली नसती. तेवढ्यात उजवीकडून कप्तान धापा टाकत ओरडला, ‘अरुण्या, आठे दे.’

साडूंनी वळून पास दिला. वळताना गुडघा मुडपला आणि ते तोंडावर पडले. मी धावत पोचलो तेव्हा त्यांच्या मिशीत माती होती.

‘गोलमा गया का?’ त्यांनी विचारलं.

‘गेला.’

मग त्यांनी डोळे मिटून कळ सोसली. सामना बरोबरीत सुटला, पण त्यांना उचलून आणावं लागलं.

परतताना त्यांना जीपच्या मागच्या बाकावर आडवं केलं आणि त्यांचा पाय मी मांडीवर घेतला. पुढं कप्तान बसला होता. तो दर वळणाला ‘शेठ, दुखी ऱ्हायनं का?’ असं विचारत होता. तळोदा मागे पडलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, ‘साडूभाऊ, आते खेळ बंद व्हई. माले माहीत शे.’

मी त्यांच्या गुडघ्याखाली रुमालाची घडी सरकवली. ते पुढे बोलू लागले.

‘दुकानमा मी शेठ. घरमा पोरेस्ना बाप. मन्हा बाप गया तवयपासून माले अरुण्या म्हननारं कोनीच नव्हतं.’ मग पुढं बसलेल्या कप्तानाकडे बोट करून म्हणाले, ‘त्याले सांगू नका. तो लाजी जाई.’

तापीचा पूल येईतो त्यांना झोप लागली होती. पुढचा रस्ता खराब होता. मी दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला आणि नंदुरबार येईपर्यंत तो हलू दिला नाही.