रंग न दिलेली फ्रेम

नॉर्मा बेल्ट्रान सॅन डिएगोच्या गोदीत वेल्डर होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं घरच्या गॅरेजात नळ्या कापून, जोडून जुन्या धाटणीची बीएमएक्स क्रूझर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यतीत पळवायची सायकल, बनवली. सोनेरी रिमा, लाल टायर, पण फ्रेम कोरीच.

ट्रॅकवर पहिला खवचटपणा मीच केला. “काय गं, रंग संपला?”

“जोड दिसू देत, ड्वेन. तडा गेला तर तुला शोधायला चष्मा नको.”

आणि तिनं सायकल थेट सगळ्यात मोठ्या उंचवट्यावर घातली. हवेतून धाडकन उतरली, ती शेवटच्या रेषेपर्यंत थांबलीच नाही.

आम्ही सगळे जुने गडी गुडघे टेकून फ्रेम तपासायला लागलो. तडा कुठला सापडतोय!

“आता तरी रंगव,” मी पुटपुटलो.

“कशाला झाकू? तू ऊठ आधी, मागं बघणाऱ्यांची रांग लागलीय.”