श्रीपूरच्या पुढचा लाल चौकोन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सालगडी. शिष्यवृत्तीवर भूगोल शिकलो आणि सरकारी सर्वेक्षणात लागलो. सरकारचे ते उपकार मी आजही विसरत नाही.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत अमेरिकेच्या उपग्रहाने टिपलेली आपल्या जमिनीची चित्रं सरकार मागवत असे. चित्रात हिरवं पीक लाल दिसायचं. लाल दिसतं तिथं खरंच काय उभं आहे, हे जागेवर जाऊन बघायचं, एवढंच आमचं काम. चित्रं गोपनीय असत.

मार्चअखेरीस साहेब आणि मी जीपने श्रीपूरच्या पुढे गेलो. चित्रात आसपासचं रान राखाडी, मधे एकच लाल चौकोन. तिथल्या विहिरीवर एक म्हातारा सालगडी पाण्याचं इंजिन पुसत बसला होता.

"काय पीक, मामा?" मी विचारलं.

"ऊस की! दोन हिरी हायत्या. पाणी लई."

मालक पाठीमागे येऊन उभा होता. कमाल जमिनीचा कायदा तेव्हा नुकताच कडक झाला होता. जिरायत जमीन बरीच ठेवता येई, बारमाही पाण्याची थोडीच. जास्तीची सरकारजमा. त्याने हे सगळं रान जिरायत म्हणून दाखवलं होतं.

"ह्ये तांबडं काय?" त्याने साहेबांच्या हातातल्या चित्रावर बोट ठेवलं.

"तुमचा ऊस. मागच्या उन्हाळ्यातला."

मालकाने इंजिनाचं लोखंडी हँडल उचललं आणि म्हाताऱ्याच्या कानशिलात हाणलं. "तुझ्या बापाचं रान हाय व्हय रं, सांगत सुटायला?" म्हातारा पडला, तरी हँडल चालूच होतं. मी मधे घुसलो. दोघा गड्यांनी मला पाटात पालथं दाबलं. तोंडात चिखल गेला. माझ्या वडिलांच्या पाठीवरचे वळ मला त्या चिखलात दिसले.

"काडी लावा," मालक ओरडला.

वाळलेलं पाचट भडकलं. फडातून पेटलेले ससे बाहेर पळाले आणि बांधावर तडफडून मेले. मालकाने चित्र हिसकावून जाळात फेकलं.

"आता लिवा की सायेब, काय उभं हाय हितं?"

सोलापूरला येऊन आम्ही सगळं वर कळवलं. चित्राची दुसरी प्रत ऑफिसात होतीच. उत्तर आलं: चित्रं महसूल खात्याला द्यायची नाहीत, असं धोरण आहे, आपण पीक बघावं, मालक बघू नये. ती प्रत कपाटात गेली. जळका ऊस कारखान्याने कमी भावात घेतला. जमीन त्याचीच राहिली.

म्हातारा सरकारी दवाखान्यात होता. डावा कान गेला होता, म्हणून मी उजवीकडे बसलो.

"त्या चितरात मी दिसतुया का रं?"

"न्हाय मामा. माणूस दिसत न्हाय त्यात."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

"मग बरं हाय," तो म्हणाला. "साक्षीला मी न्हाय म्हटल्यावर मालक परत कामावर घेत्याल."