प्लायच्या पलीकडची तुकडी

पहिलीचे वर्ग फार मोठे आहेत, लहान लेकरांकडं लक्ष पुरत नाही, तुकड्या करा, असा वरून आदेश आला तेव्हा मी खरंच खूश झाले होते. साठ लेकरं आणि मी एकटी. एकाचं नाक पुसेपर्यंत दुसरं बाहेर पळालेलं. म्हटलं, चला, आता जोडीला दुसरी मॅडम येईल.

कायची मॅडम न् काय! प्लाय आला. पुलगावहून टेम्पोत घालून आणला आणि सुतारानं माझ्या वर्गाच्या मधोमध ठोकून दिला. इकडं 'अ' तुकडी, तिकडं 'ब' तुकडी, शिकवणारी मीच. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, आवाज मोठा ठेवा, प्लायच्या वर जागा मोकळी आहे, ऐकू जातं. किळस येते हो अशा अकलेची.

माझा जीव अडकला होता एका पोरीत. तिला फारच कमी ऐकू यायचं. कानाच्या मशीनसाठी तिचं नाव तालुक्याला गेलं होतं, ते गेलंच. शाळेत घालायला आली तेव्हा तिच्या आईनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, "मॅडम, इच्याकडं तोंड करून बोलजा, बस." मी तिला माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसवलं. माझे ओठ बघून बघून पोरगी अक्षरं बोलायला लागली होती. दिवाळीपर्यंत वाचते की नाही बघा, असं मी तिच्या आईला छातीठोक सांगून बसले होते.

हजेरीच्या नंबरानं लेकरं वाटली आणि ती गेली 'ब'मध्ये. हिला इकडंच राहू द्या म्हटलं, तर म्हणे इकडची संख्या वाढते, नियमात बसत नाही. एका लेकरानं असं कोणतं आभाळ कोसळणार होतं? शेवटी मी प्लायच्या टोकाशी, दारात उभी राहून शिकवायला लागले. तिथून निदान तिला माझं तोंड दिसायचं.

मग साहेब पाहणीला आले. फोटोत मॅडम वर्गात दिसली पाहिजे, म्हणून मला 'अ'च्या फळ्यासमोर उभं केलं. इथूनच दोन्ही तुकड्यांची हजेरी घ्या, बघू कसं जमतं, म्हणाले. मी एकेक नाव घेत गेले. तिचं नाव आलं, पलीकडून काहीच नाही. पुन्हा घेतलं. तेव्हा तिच्या शेजारची पोरगी बोलली, "ते आहे मॅडम. पण तिले तुमचं तोंड दिसून नाई राह्यलं."

साहेब हसले. "आहे ना? मग लावा हजर," म्हणाले, आणि आलुबोंडे गार व्हायच्या आत ऑफिसात गेले.

मी पलीकडं गेले. माझा आवाज जिकडून येत होता तिकडं, प्लायकडं, सगळी लेकरं तोंड करून बसली होती. आणि त्यांचं बघून तीही त्या कोऱ्या प्लायकडं एकटक बघत बसली होती.