एका खुर्चीपुरतं घर

आमचं बदलापूरचं घर एका खुर्चीवरून फार सुंदर दिसत असे.

बाकी कुठूनही पाहिलं, तर ते घर आहे की सिमेंटचं गोदाम, याबद्दल दोन मतं पडली असती. (शेजाऱ्यांमध्ये ती पडलीही होती.) पण त्या एका खुर्चीत बसून नाकासमोर पाहिलं, की वाटायचं, वा! काय टापटीप संसार आहे!

माझी बायको विमल गेल्यापासून भेटायला येणारी माणसं तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात, तिच्या लाघवी स्वभावाबद्दल बोलतात. मी मान डोलावतो. सगळं खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखी ती खुर्ची येते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या बिल्डरने फ्लॅटचे दोन भाव ठेवले होते. एक पूर्ण फ्लॅटचा आणि दुसरा 'जसा आहे तसा' फ्लॅटचा. आम्ही दुसरा घेतला. जसा आहे तसा म्हणजे चार भिंती, वर स्लॅब, एक नळ आणि बिल्डरच्या शुभेच्छा. निम्म्या भिंतींना प्लास्टर नव्हतं, जमिनीला लाद्या नव्हत्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. ग्रंथपालाच्या पगारात घर हळूहळूच पूर्ण होतं, आणि आमचं त्याहूनही हळू होत होतं.

तशी घाई नव्हती. घाई झाली ती शोभामुळे. शोभा माझी धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर ती आमच्याकडेच राहत होती आणि तिच्या लग्नाचं बघायला आम्ही सुरुवात केली होती. दोन स्थळं येऊन पोहे खाऊन गेली. दोन्हींनी जाताना "कळवतो" असं म्हटलं आणि कळवलं नाही. मग उडत उडत कानावर आलं, "मुलगी लाखात एक आहे हो, पण घर अजून घरासारखं नाही. ही माणसं लग्न तरी धड लावून देतील का?"

"वहिनी, मला नाही, भिंतींना नकार आलाय," शोभा हसत म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलने आमच्या वडिलांची हातांची लाकडी खुर्ची हॉलच्या एका टोकाला ठेवली, तिच्यावर पदर सावरून पाहुण्यासारखी बसली आणि डोळे बारीक करून समोर बघू लागली.

"अहो, घरात पाहुणा आला की कुठे बसतो?"

"खुर्चीत."

"मग त्याला खुर्चीतून जेवढं दिसतं, तेवढंच घर! बाकीचं नंतर."

"ही चक्क फसवणूक झाली, विमल."

"फसवणूक कसली? जुन्या पुस्तकाला तुम्ही नवं कव्हर घालता, तेव्हा आतली पानंही नवी घालता का?"

ग्रंथालयशास्त्रात यावर उत्तर नाही. 

त्या दिवसापासून महिन्याला एक काम, याप्रमाणे घर सुधारू लागलं. समोरच्या भिंतीला आकाशी डिस्टेंपर लागला. फक्त समोरच्या! खिडकीला फुलाफुलांचा पडदा आला, आणि तोही खुर्चीतून दिसणाऱ्या अर्ध्या भागालाच. उरलेल्या अर्ध्यावर वर्तमानपत्र. स्वयंपाकघराच्या दारातून ओट्याचा जो तुकडा दिसायचा, तेवढ्यावर पांढऱ्या टाइल्स बसल्या. दार रंगवलं ते बाहेरून. माझं पुस्तकांचं कपाट नजरेच्या टप्प्यात येत होतं, म्हणून तिने पुस्तकं पुठ्ठ्यांच्या रंगाप्रमाणे लावली. मराठ्यांच्या इतिहासाच्या मांडीला मांडी लावून लोणच्यांच्या पाककृती बसल्या, कारण दोन्ही पुस्तकं लाल! मी आयुष्यभर विषयवार वर्गीकरण केलेला माणूस. ते कपाट पाहून मला घास गिळवत नसे.

लाद्यांसाठी आम्ही उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये गेलो. दुकानदार सिंधी होता. कोपऱ्यातल्या धुळकट ढिगाकडे विमलने बोट दाखवलं.

"सेठ, वो क्या भाव?"

"अदी, वो तो बचा हुआ माल है." (सिंधीत ताईला अदी म्हणतात. विमलने अर्धी लढाई तिथेच जिंकली.) "चार इसका, पाँच उसका. उससे पूरा रूम नहीं बनेगा."

"मेरेको किधर पूरा रूम करने का है!"

"तो कितना?"

"कुर्सी पे बैठके जितना दिखता है उतना."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत फार जुनी सहानुभूती होती. "साहब, ये क्या बोलती है?"

"सही बोलती है," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेअर रिक्षातून आम्ही त्या लाद्या मांडीवर घेऊन स्टेशनला आलो. बहुतेक लाद्या माझ्या मांडीवर होत्या, कारण विमलच्या मांडीवर भाजी होती.

लाद्या बसवताना विमलच्या हुशारीने कळस गाठला. खुर्चीसमोर सगळीकडे लाद्या आल्या. पण खुर्चीखालची जमीन खुर्चीवरून दिसत नाही! तिथे लाद्या घालणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून खुर्चीच्या चार पायांखाली चार लाद्या बसवल्या आणि त्यांच्या आजूबाजूला तसाच खड्डा ठेवला, दोन बोटं खोल. खुर्चीमागची भिंत तर नुसत्या उघड्या विटांची होती. तिच्यावरून एक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला, एखाद्या संकटासारखा, बल्ब.

अशी तयारी झाल्यावर तिसरं स्थळ आलं. अंबरनाथचं. मुलगा सुरेश, कारखान्यात नोकरीला, सालस. शोभाने फोटो पाहिला. आणि तो परत द्यायला विसरली. त्यामुळे या वेळी "कळवतो" ऐकायची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती.

विमलने मला बैठक समजावली. "तिघं येणार. मुलाची आई खुर्चीत. मुलगा आणि वडील शेजारी दिवाणावर. तिघांचीही तोंडं आकाशी भिंतीकडे. आपण समोर चटईवर बसायचं, म्हणजे विटा आपल्याला दिसतील. तुम्ही एकच करायचं. त्यांना बसवायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो.

तिघांऐवजी सात जण आले.

सगळ्यांत पुढे मुलाचे मोठे काका. पांढऱ्या मिशा, कानाने जरा जड, आवाजाने मुळीच नाही. मी अदबीने खुर्चीकडे हात केला. "या, या, बसा ना!"

"छे! मला खालीच बरं वाटतं," असं म्हणून काकांनी आकाशी भिंतीला पाठ लावली आणि चटईवर मांडी ठोकली!

आता घरातलं सर्वांत वडील माणूस खाली बसल्यावर त्यांच्यापेक्षा उंच कोण बसणार? मुलाचे वडील खाली बसले. आई खाली बसली. आत्या, मामा, मामी खाली बसली. सुरेश तर बिचारा लग्नाचा मुलगा, तो सर्वांत शेवटी, चटईच्या काठावर. सातही जणांच्या पाठी आकाशी भिंतीला आणि सातही तोंडं विटांकडे!

"अहो, वर बसा ना, खाली गार लागेल," मी धडपडलो.

"काय?"

"गार! गार लागेल!"

"असू दे, उन्हातूनच आलोय. पण तुम्ही उभे का? चटईवर तर जागा नाही. बसा त्या खुर्चीवर."

"नाही नाही, मी..."

"बसा म्हणतो ना! यजमान उभा राहिला तर आम्हाला पोहे कसे उतरणार?"

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी बसलो. मला समोर आकाशी भिंत दिसत होती, फुलाफुलांचा पडदा दिसत होता, ओट्याच्या टाइल्स चमकत होत्या. कितीक महिने खपून सजवलेलं ते घर, आणि ते पाहायला त्या खोलीत एकटा मीच!

स्वयंपाकघराच्या दारातून विमलने डोकावून पाहिलं. तिने डोळ्यांनी विचारलं, 'हे काय?' मी डोळ्यांनी सांगितलं, 'काका.' तिने कपाळाला हात लावला. इकडे आत्याबाईंची नजर बल्बवर खिळली होती. मामा मान वाकडी करून विटा निरखत होते. मुलाची आई वर्तमानपत्राच्या खिडकीकडे पाहून नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. मला पुढचा शब्द ऐकू यायला लागला : कळवतो.

तेवढ्यात पोहे आले. मी हातात बशी घेतली आणि काकांना कॉलेजबद्दल सांगू लागलो.

"काय म्हणालात? काही ऐकू येत नाही. जरा खुर्ची पुढे घ्या."

"मी मोठ्याने बोलतो ना!"

"अहो, घ्या पुढे! एवढं काय?"

मी बसल्याबसल्याच खुर्ची पुढे सरकवली.

पुढचे पाय लादीवरून लादीवर गेले. मागचे पाय लादीवरून खड्ड्यात गेले. दोन बोटंच खोल होता खड्डा. पण मला तेवढा पुरला. खुर्ची मागे कलंडली, मी तिच्यासकट विटांवर आपटलो, पाय स्लॅबकडे आणि पोहे सर्वत्र!

 कोणीतरी हसलं. ती शोभा होती! हातात चहाचा ट्रे, अंगावर नवी साडी, 'मान खाली ठेव, हसू नकोस' अशी सक्त ताकीद. आणि ती दारात उभी राहून, ट्रेमधले कप किणकिणेपर्यंत हसत होती. चटईच्या काठावरून दुसरं हसू आलं. ते सुरेशचं. दोघं एकमेकांकडे पाहून इतकी हसली, की ओळख करून द्यायचं राहूनच गेलं.

विमल धावत आली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून वाकली. "फुटली का हो?"

"डोकं शाबूत आहे," मी म्हणालो.

"डोकं नाही, लादी!"

"अहो, आधी त्यांना तरी उठवा!" मुलाची आई उठून आली.

"ते उठतील. तशी दुसरी लादी आता मिळायची नाही."

मामांनी मला उभं केलं. विमलने खुर्ची उचलून चारही पाय अचूक चार लाद्यांवर ठेवले. मुलाच्या आईला या धावपळीत धाप लागली होती. त्या खुर्चीतच टेकल्या. समोर पाहिलं. आणि थबकल्या.

"अगंबाई! इथून तर किती छान दिसतंय!"

 विमल सरळ म्हणाली, "इथून दिसतं तेवढंच झालंय, काकू. ऐपत तेवढीच आहे. नणंदेसाठी स्थळं यायची, घर बघून परत जायची. म्हणून म्हटलं, आधी खुर्चीपुरतं तरी करू."

काकूंनी मान डावीकडे वळवली. विटा. उजवीकडे वळवली. वर्तमानपत्र. पुन्हा समोर पाहिलं. आकाश!

"भाऊजी, उठा! इथे येऊन बसा. बघा तर खरं!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सातही जण एकेक करून त्या खुर्चीत बसून गेले. रांग लागली! आत्याबाई दोनदा बसल्या. काकांनी मात्र मिशीवर ताव देत खुसपट काढलंच.

"मला पडद्याच्या वरचं भगदाड दिसतंय."

"मी माझ्या उंचीने केलंय, काका. तुम्ही उंच आहात."

काका खूश झाले. "आणि आता पुढे काय करणार?"

"पुढे दिवाणावरून दिसतं ते."

काका एवढ्या मोठ्याने हसले, की बल्ब हलला. तरीही जिना उतरताना ते म्हणालेच, "बरंय, कळवतो." दार लावल्यावर आम्ही तिघं एकमेकांकडे न पाहता जमिनीवरचे पोहे वेचत राहिलो.

चार दिवसांनी स्थळ सुचवणारे गृहस्थ आले. "मुलगी पसंत आहे. पण एक अट आहे."

शोभा आत निघून गेली. विमल ताठ झाली. "हुंडा असेल तर आमच्याकडून नाही म्हणून सांगा."

"हुंडा नको म्हणतात. ते नवं घर बांधायला काढणार आहेत. काय आधी, काय नंतर, ते ठरवायला या वहिनींनी आलं पाहिजे. एवढी डोक्याने चालणारी बाई ज्या घरात आहे, तिथलीच मुलगी हवी, म्हणाले."

"आणि मी?" मी विचारलं.

गृहस्थ जरा घुटमळले. "तुमच्याबद्दल काकांचा निरोप वेगळा आहे. लग्नात यांना काही काम देऊ नका म्हणाले. नुसतं बसायला सांगितलं होतं, तेही जमलं नाही."

काकांची ही सूचना दोन्ही बाजूंनी काटेकोरपणे पाळली. मांडवात सगळे धावत होते आणि मला कोणी पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हतं. पण वधूच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा असतो, ते काम दुसऱ्याला देता येईना. मी पुढे झालो. सुरेशने आधी आपला कान चाचपला, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"वहिनी, यांना जमेल ना?"

"घाबरू नका जावईबापू," विमल म्हणाली, "मी हात धरते."

आणि खरंच धरला! तो फोटो माझ्याकडे आहे. कान सुरेशचा, बोटं माझी, मनगट विमलच्या मुठीत. सुरेश हसतोय, विमल हसतेय. आणि माझा चेहरा पाहून सगळे विचारतात, यात कान नक्की कोणाचा पिळलाय?