नानाजी वारले, पुढे ऐका!

आमच्या उमरेडच्या नानाजींना मी मारलं, तेव्हा मी फुलोऱ्याच्या करंज्या तळत होते.

नानाजी म्हणजे माझे चुलत सासरे. वय एक्याण्णव, दात सहा, मोबाईल शून्य. उमरेडला एकटे राहतात, स्वतःचं स्वतः रांधून खातात आणि दरवर्षी महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी एसटीनं शहरात, नंदनवन भागातल्या आमच्या घरी येतात. सोबत एक पिशवी. तिच्यात एक धोतर आणि दोन किलो वांगी. (वांगी नंदनवनातही मिळतात, हे त्यांना सांगायची आमच्या घराण्यात कोणाची छाती नाही.)

आता माझ्याबद्दल. मला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय आहे. कोणाला नातू झाला हे सांगायचं असेल, तर मी त्या घरातल्या आजोबांच्या लग्नातल्या रुसव्यापासून सुरुवात करते. त्याशिवाय नातू कोणावर गेलाय ते कसं कळणार? पूर्वी मी पत्रं लिहायचे. आता मोबाईलवर बोलून पाठवते. आमच्या भाऊबंदांचा ग्रुप आहे, त्यावर कोणाची सोयरीक जुळली, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोथिंबिरीची सांबारवडी फुटू नये म्हणून काय करावं, सगळं मीच सांगते. माझा निरोप साधारण दहा-अकरा मिनिटांचा असतो. आणि पहिल्याच मिनिटाला खाली उत्तर येतं, "खूप छान!" म्हणजे ऐकलं किती, ते मला कळत नाही असं या लोकांना वाटतं!

माझी नात चिनू पुण्याला असते, दहा वर्षांची आहे. तिनं मला मे महिन्यात शिकवलं होतं, "आजी, सुरुवातीलाच धक्का द्यायचा. मग लोक शेवटपर्यंत ऐकतात." ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या वर्षी प्रशांतनं, म्हणजे चिनूच्या बापानं, महालक्ष्म्यांना येत नाही म्हणून कळवलं. सुट्टी नाही. हे सलग तिसरं वर्ष. मी म्हटलं, "ठीक आहे रे, नोकरी आधी." आणि फोन ठेवून पाऊण तास भांडी आपटली. मग वाटलं, पोरं येत नाहीत तर निदान सूनबाईनं तिकडे आंबील तरी करावी. म्हणून करंज्यांचा घाणा कढईत सोडला, फोन डब्याला टेकवला आणि बोलायला लागले. आंबिलीची कृती सांगायची, तर आंबिलीची आठवणही सांगायला हवी. आणि आठवण सांगायची, तर सुरुवातीला धक्का!

"ऐका गा सगळे. उमरेडचे नानाजी वारले! सकाळीच माणूस निरोप घेऊन आला. दोन दिवसांवर महालक्ष्म्या आल्या आणि घरात हे असं!"

इथे मी परिणामासाठी थोडी थांबले. (करंजीही उलटायची होती.)

पुढे चौथ्या मिनिटाला मी स्पष्ट सांगितलं आहे की ही माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांची गोष्ट. पाचव्या मिनिटाला ती बातमी खोटी निघाली. वारले होते ते नानाजींचे घरमालक, आणि स्वतः नानाजी वांग्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. सातव्या मिनिटापासून आंबील सुरू होते. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कसं कालवायचं आणि ढवळताना हात का थांबवायचा नाही, सगळं आहे. निरोप पाठवला, फोन चार्जिंगला लावला आणि विसरले.

चौथ्या मिनिटापर्यंत कोणी पोचलंच नाही!

शहरातच मनीषनगरला राहणारी माझी धाकटी जाऊ कुसुम. तिनं पहिली पंधरा सेकंदं ऐकली आणि चालू गॅस बंद करून सरळ डोक्यावरून पाणी घेतलं. भाऊबंदातलं सुतक, दहा दिवस. घरात फोडणी बंद! माझा दीर म्हणजे पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून वर वाटीभर तर्री पिणारा माणूस. त्याला दुपारी साधं वरण आणि भात वाढला. त्यानं म्हणे विचारलं, "नानाजी तं गेले, पण मले काहून मारून राहिली?"

पण कुसुम तशी खात्री करून घेणारी बाई. तिनं आधी मला फोन केले. सात! माझा फोन आतल्या खोलीत. मग तिनं उमरेडला नानाजींच्या शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "घराले कुलूप आहे." (असणारच! नानाजी एसटीत बसून आमच्याकडे निघाले होते.) शेवटी तिनं आमच्या ह्यांना फोन लावला. असं थेट "वारले का हो?" म्हणून कोणी विचारत नाही, म्हणून तिनं आडून विचारलं, "भाऊजी, ताईंनी सांगतलं ते खरं आहे का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी माझा निरोप आजवर एकदाही ऐकलेला नाही. तरी बायकोवर विश्वास केवढा! म्हणाले, "तिनं सांगतलं न? मंग खरंच असंन."

झालं. शिक्कामोर्तब झालं.

एक वाजता नानाजी आले. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, भूक लागून राहिली वं." मी ताट घ्यायला उठते तोच दारात कुसुम. पांढरी साडी, लाल डोळे, हातात मोठा डबा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिनं पिठलं-भात आणला होता. मला मिठी मारून ती जी रडायला लागली! मलाही रडू आलं. कोण गेलं ते मला माहीत नव्हतं, पण एवढं रडतेय म्हणजे जवळचंच असणार.

तेवढ्यात नानाजींनी डबा उघडून पिठलं वाढून घेतलं होतं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "कोनं केलं गा हे? फोडनी नाई, काई नाई."

कुसुमनं वळून पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"नानाजी! तुमी?"

"मी नाई तं कोन? दरसाली येतो न. तू काहून रडून राहिली? गेलं कोन?"

कुसुमनं पदर डोळ्यांना लावला. नानाजी चिडले. "अरे, घरातलं मानूस गेलं अन् मले सांगून नाई राहिले! म्हातारा झालो म्हनून लपवता का?"

"तुमीच गेले नानाजी," कुसुम हुंदका देत म्हणाली.

नानाजींनी क्षणभर विचार केला. मग ताट पुढे सरकवलं. "मंग वाढ अजून. आपल्या सुतकाचं पिठलं कोनाच्या नशिबी असते?"

मी धावत जाऊन फोन उघडला. ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" एकवीस! एकानं तर लिहिलं होतं, "भावपूर्ण श्रद्धांजली. आंबील खूप छान." (हा पठ्ठ्या शेवटून ऐकत असावा.) आणि सगळ्यात खाली प्रशांत: "सुट्टी मिळाली. आम्ही तिघं कारनं निघालो. रात्र मधे कुठेतरी काढून सकाळी पोचतो."

मी घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, "नानाजी ठणठणीत आहेत. समोर बसून जेवत आहेत." मग प्रशांतचा नंबर काढला. एकदा प्रवासाला निघाले की ती दोघं ग्रुप उघडत नाहीत, त्याला फोनच करायला हवा होता. बोट बटणावर नेलं. आणि खरं सांगते, ते बोट तिथून पुढे जाईना.

तीन वर्षं. चिनूनं महालक्ष्म्यांचे मुखवटे शेवटचे पाहिले तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. तिच्या वाटणीची चिमुकली करंजी मी दरवर्षी महालक्ष्म्यांच्या डोक्यावरच्या फुलोऱ्यात टांगते आणि दरवर्षी शेजारच्या पोराला देते.

हे म्हणाले, "लाव न फोन. काहून थांबली?"

मी म्हटलं, "गाडी चालवून राहिला असेल. गाडी चालवताना फोन करू नये."

"सूनबाई चालवत असंन तं?"

"मग तर मुळीच करू नये!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि गुपचूप पुन्हा चार्जिंगला लावला. या माणसाशी संसार का टिकला, ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळी गाडी दारात थांबली. प्रशांत हातात मोठा झेंडूचा हार घेऊन उतरला आणि अंगणात दाढी करत बसलेले नानाजी पाहून जागच्या जागी थिजला. मग चाळिशीचा तो घोडा रडतच त्यांच्या गळ्यात पडला. लहानपणी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला नानाजींनी त्याला स्वतःच्या हातानं लाकडी बैल करून दिला होता, तो आठवत तो म्हणे आख्खा रस्ताभर रडत आला होता. नानाजींच्या गालाचा फेस त्याच्या शर्टाला लागला.

"हार कोनासाठी?"

"तुमच्यासाठीच आणला होता."

"मंग घाल न. कोमेजून राहिला."

हार घालून झाल्यावर प्रशांत माझ्याकडे वळला. "आई, कालच कळलं होतं न तुले? मंग मले फोन काहून नाही केला?"

"सांगते," मी म्हटलं. "मुळापासून सांगते, बैस."

"नको!" अख्खं घर एका सुरात ओरडलं.

"ऑफिसात मी आजोबा गेले म्हणून सांगून आलो, आता साहेबाले काय सांगू?" त्यानं डोकं धरलं.

"सांग, तेरवीपावतर सुट्टी पायजे," नानाजी हाराखालून म्हणाले. "अन् सूनबाई, पुढच्या सालीबी मलेच मार वं. पोट्टे येतेत."

सगळे हसले. मीही हसले, पण आत कुठेतरी ते टोचलंच. म्हातारं माणूस मेल्याशिवाय पोरांना सुट्टी मिळत नाही, आणि त्या पोरांसाठी मी बटणावरचं बोट मागे घेते! असो. महालक्ष्म्या बसल्या, चिनूनं आपली करंजी आपल्या हातानं तोडली आणि आंबील सगळ्यांना आवडली. गुठळ्या झाल्या होत्या. गप्पांत माझाच हात थांबला.

त्यानंतर घरानं माझ्यावर नियम लादला: शेवट आधी सांगायचा आणि निरोप एका मिनिटाचा. मी तो मान्य केला आहे. यंदाच्या महालक्ष्म्यांचं आमंत्रण मी परवाच ग्रुपवर पाठवलं, नियमाप्रमाणे. चार सेकंदांत संपलं.

"सगळे जिवंत आहेत. तरी या."