अर्धा सूर खालचा पियानो

तीन माणसं एकत्र वाजवायला बसली की वाजवणं थोडं होतं आणि किस्सेच जास्त जमतात. आमचं तसंच झालं.

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या विलायती डॉक्टरबाई निवृत्त होऊन मायदेशी निघाल्या आणि आपल्या आजीच्या वेळची तीन वाद्यं आमच्या हवाली करून गेल्या. पियानो माझ्याकडे आला. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. व्हायोलिन नर्स सुशीलाबाईंकडे गेलं. चेलो, म्हणजे दोन गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, ड्रॉइंगच्या वामनराव मास्तरांकडे. वाजवायला बाईंनीच शिकवलं होतं. सोबत वह्यांचं गाठोडं दिलं, शंभर वर्षांपूर्वी बायकांनी रचलेल्या संगीताचं. "यांचं संगीत दिवाणखान्यातच राहिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर वाजवा."

*

पियानो आजच्या सुराला ताणला असता तर तारा तुटल्या असत्या. म्हणून तो होता तसाच, अर्धा सूर खाली ठेवला होता. एकदा पेटी शिकवणारे गुरुजी ऐकायला आले. पेटीवर सूर धरून पाहिला आणि हळहळले, पियानो उतरलाय म्हणाले.

सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "तो शंभर वर्षापासून तिथंच हाये, गुरुजी. चढले तुमी."

*

चेलोच्या तारा आतड्याच्या. उन्हाळ्यात एक तुटली. मुंबईच्या दुकानानं कळवलं, असल्या तारा आता येत नाहीत. वामनराव दोन दिवस नीट जेवले नाहीत.

धाड गावच्या बाजारात रहीमचाचा कापूस पिंजायचे. त्यांच्या पिंजणीची तांत, म्हणजे ताणलेली दोरी, तीही आतड्याचीच. मास्तरांनी ती मागून आणली, चेलोवर चढवली, आणि ती बोलली!

आपली तांत काय करते ते बघायला चाचा एका रविवारी तालमीला आले. शेवटपर्यंत ऐकलं. जाताना म्हणाले, "मास्टर, हात भारी है तुमारा. रुई टूट जाएंगी."

डॉक्टरबाई जाण्याआधी दोन वर्षं हेच सांगत होत्या. मास्तरांना ते त्या दिवशी कळलं.

*

पहिला कार्यक्रम जळगाव जामोदला, शाळेच्या अंगणात. पियानो कापसाच्या ट्रकमधून, कापसातच रुतवून नेला. अर्धे लोक ते कपाट उघडून काय निघतं ते पाहायला आले होते.

वाजवून झाल्यावर मी उभी राहिले. सांगितलं, हे घर सांभाळणाऱ्या एका बाईनं रचलंय, चार मुलांचं करता करता. तिच्या हयातीत घरच्यांखेरीज कोणी ऐकलं नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, आपलं चुकलं.

मग बायकांच्या बाजूनं साठीची एक शेतकरीण उठली. डोक्यावरचा पदर सावरला. "बाई, या पेटीवर दुसऱ्याचं बी वाजते का?"

वाजतं, म्हटलं.

"मंग माये बी दोन गाने हायेत. वावरात निंदता निंदता केलेले. कोणालेच नाई आयकवले. मालकाले बी नाई."

सगळ्यांच्या माना पुरुषांच्या बाजूला वळल्या. पागोटं बांधलेला एक म्हातारा सावकाश उभा राहिला.

"म्हन," तो म्हणाला. "आयकतो."